मार्चअखेरचे पौंड

फेब्रुवारी २०२३. मंगळवारी सकाळी कौन्सिलचा (म्हणजे आमच्या स्थानिक पालिकेचा) मेल आला. हॉस्पिटलने सुट्टी दिलेल्या, पण एकट्याने घरी राहू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेण्यासाठी पैसे आले आहेत. सोबतचा तक्ता भरून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पाठवा आणि मिळालेली रक्कम ३१ मार्चच्या आत खर्च झालेली दाखवा. तक्ता उघडला तर आडवा इतका लांब, की शेवटच्या रकान्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या रकान्यात काय विचारलं होतं ते विसरायला व्हावं.

मी इंग्लंडमध्ये एका केअर होमची मॅनेजर आहे. केअर होमला वृद्धाश्रम म्हणायची सवय नातेवाइकांची अजून सुटलेली नाही आणि मीही आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. आमच्याकडची निम्मी माणसं आपली आपण कूस बदलू शकत नाहीत. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आज कोणता वार आहे ते सांगता येत नाही. तेव्हा ‘ठेवून घ्या’ म्हणजे एक खोली झाडून द्या, इतकं ते सोपं नसतं. त्यासाठी माणूस लागतो, तोही रात्रीचा.

त्याच दुपारी मी आमच्या एका अर्धवेळ केअररला गाठलं. आठवड्याचे सोळा तास करते, ते बत्तीस करशील का? कामाला उत्तम बाई, होममधल्या सगळ्यांच्या सवयी तोंडपाठ. तिने एकच विचारलं, ‘‘एप्रिलनंतरही?’’ मी मेल पुन्हा वाचला. एप्रिलबद्दल त्यात अक्षर नव्हतं. ‘‘मग राहू दे,’’ ती म्हणाली, ‘‘सहा आठवड्यांसाठी मुलांची सोय कोण बदलतं?’’ तिचं काहीच चुकलं नव्हतं. पैसे गेले तासांवर माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडे. एजन्सी एका तासाचं जे बिल लावते, ते आमच्या केअररच्या तासाच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट.

पुढे मी भरकटण्याची शक्यता आहे, म्हणून माझं म्हणणं आताच सांगून टाकते. देखभालीच्या क्षेत्राला सरकारचा पैसा कमी पडतो, हे आहेच. पण तो ज्या वेळी येतो आणि ज्या मुदतीने येतो, त्याने त्याहून जास्त नुकसान होतं. सरकारी सूचनांचंही तेच. उशिरा आलेला पैसा काय किंवा घाईने बदललेली सूचना काय, ठरवणाऱ्याची जोखीम एकेक पायरी खाली सरकवली जाते आणि शेवटी जिची सही असते तिच्या गळ्यात येऊन पडते.

त्या निधीची कुंडलीच मांडते. २२ सप्टेंबर २०२२ ला तेव्हाच्या आरोग्यमंत्री थेरीज कॉफी यांनी ५० कोटी पौंडांचा डिस्चार्ज फंड जाहीर केला. बाई त्या खात्यावर दोन महिनेही टिकल्या नाहीत, पण तो मुद्दा वेगळा. कुणाला किती आणि कोणत्या अटींवर, हा तपशील आला १८ नोव्हेंबरला. ४० टक्क्यांचा पहिला हप्ता डिसेंबरमध्ये, ६० टक्क्यांचा दुसरा जानेवारीअखेर. सगळा खर्च ३१ मार्चपर्यंत, शिवाय दर पंधरवड्याला अहवाल. म्हणजे मोठा हप्ता हातात पडला तेव्हा वर्षाचे दोन महिने उरले होते, आणि तो कौन्सिलकडून झिरपत आमच्यापर्यंत येईतो सहा-सात आठवडे. हे सगळं कशासाठी, तर हिवाळ्यासाठी. हिवाळा काय अचानक उपटतो? ऑक्टोबरअखेर घड्याळाचे काटे मागे घेतले की पुढच्या पंधरा दिवसांत आमच्याकडे खोकल्याची पहिली लाट येते, हे होममधल्या स्वयंपाक्यालाही ठाऊक आहे.

हा एकच प्रकार असता तर मी लिहायला बसले नसते. एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) आणि कौन्सिल यांनी मिळून खर्चायचा बेटर केअर फंड नावाचा एक मोठा निधी २०१५ पासून चालू आहे. त्यातून काय करायचं, त्याचं नियोजन कसं मांडायचं, याचा २०२१-२२ चा सरकारी कागद निघाला ३० सप्टेंबर २०२१ ला. वर्ष सुरू झालं होतं एप्रिलमध्ये. नियोजन सादर करायची मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर. अर्धं वर्ष उलटल्यावर वर्षाचं नियोजन मागायचं आणि ते आलं की त्याला मंजुरी द्यायची, हा विनोद कुणाच्या लक्षात आला नसेल असं नाही. मार्चअखेर म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही. मला मात्र वाटलं होतं, ही बिलं काढायची धावपळ मी मागे सोडून आले.

उशिरा आलेल्या पैशाची खरी गंमत अशी की तो वाया गेलेला दिसत नाही. हिशेब चोख असतो. इतके तास विकत घेतले, इतके पेशंट हॉस्पिटलमधून हलवले, पावत्या जोडल्या आहेत. काय विकत घेता आलं नाही, त्यासाठी तक्त्यात रकाना नसतो. नवा केअरर नेमायचा तर जाहिरात, मुलाखत, आधीच्या दोन मालकांची पत्रं, डीबीएसची पोलीस-पडताळणी, मग उचलण्या-ठेवण्याचं आणि औषधांचं प्रशिक्षण. सगळं सुरळीत झालं तरी दोन महिने सहज जातात. सहा आठवडे आयुष्य असलेल्या पैशातून माणूस येऊच शकत नाही. त्यातून तास येतात, आणि तास घेऊन येणारा रोज वेगळा असतो.

याने काय बिघडतं ते एका कपावरून सांगते. आमच्याकडच्या एका आजींचा उजवा हात पक्षाघातानंतर कामातून गेलेला. उजव्या बाजूचं त्यांना धड दिसतही नाही. त्यांचा चहा डाव्या बाजूला, जाड मगमध्ये, कान त्यांच्याकडे वळवून ठेवायचा. आमच्या सगळ्यांना हे पाठ आहे. काळजीच्या आराखड्यातही लिहिलेलं आहे, अकराव्या पानावर. एजन्सीचा मुलगा पहिल्यांदाच आलेला, भला होता बिचारा, पण एका रात्रीत सोळा माणसांचे आराखडे कोण वाचणार? त्याने कप उजवीकडे ठेवला. तासाभराने गार झालेला उचलला आणि तक्त्यात नोंद केली, ‘दिला, नको म्हणाल्या’. तीन दिवस अशाच नोंदी. चौथ्या दिवशी आजींना लघवीचा संसर्ग, ताप, भ्रम, आणि ॲम्ब्युलन्स. हॉस्पिटलमधल्या खाटा रिकाम्या व्हाव्यात म्हणून आलेल्या पैशातून एक खाट भरली. चहाचा आणि संसर्गाचा थेट संबंध मी कुठल्याही चौकशीत सिद्ध करू शकणार नाही. पण अशा कामात वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा.

आता सूचनांकडे वळते. इथे ज्याला ‘गाइडन्स’ म्हणतात, तो एक चमत्कारिक प्राणी आहे. कायदा नव्हे आणि नुसता सल्लाही नव्हे. त्याच्या भाषेत दोन क्रियापदं असतात, ‘मस्ट’ आणि ‘शुड’. आपल्या भाषेत एक ‘केलंच पाहिजे’ आणि दुसरं ‘करावं’. ‘केलंच पाहिजे’च्या मागे कायदा उभा असतो. ‘करावं’च्या मागे कोण उभं आहे, हे काही घडेपर्यंत कळत नाही. काही घडलं, की तपासणीला आलेला अधिकारी, विम्याचा माणूस आणि नातेवाइकांचा वकील तिघेही तोच कागद काढतात आणि विचारतात, इथे ‘करावं’ असं लिहिलं होतं, तुम्ही का नाही केलंत? उलट, केलं आणि त्यातूनच वाईट झालं तर उत्तर तयार असतं: ती फक्त मार्गदर्शक सूचना होती, परिस्थिती पाहून निर्णय तुम्ही घ्यायचा होता. इथल्या कायद्याने केअर होमला नोंदणीकृत मॅनेजर लागतो आणि त्याचं नाव सीक्यूसी या तपासणी यंत्रणेच्या दप्तरी असतं. गंभीर प्रकरणात त्याच्यावर खटलाही भरता येतो. सूचना लिहिणाऱ्याचं नाव मात्र कागदावर कधीच नसतं.

हे किती टोकाला जाऊ शकतं, ते २०२० च्या वसंतात, कोविडच्या साथीत दिसलं. २५ फेब्रुवारीच्या सरकारी सूचनेत म्हटलं होतं, केअर होममधल्या कुणाला हा संसर्ग होण्याची शक्यता फार कमी. ती १३ मार्चला मागे घेतली. १७ मार्चला एनएचएसचं पत्र निघालं, खाटा मोकळ्या करा. १५ एप्रिलपर्यंतच्या चार आठवड्यांत सुमारे २५,००० माणसं हॉस्पिटलांतून केअर होममध्ये आली, हा सरकारी लेखापरीक्षकांचा आकडा. मधे २ एप्रिलचा कागद सांगत होता, होममध्ये घेण्यापूर्वी चाचणी निगेटिव्ह असण्याची गरज नाही. १५ एप्रिलला धोरण फिरलं आणि प्रत्येकाची चाचणी करायचं ठरलं. वडील गमावलेल्या दोन मुली कोर्टात गेल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला: लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही लागण होऊ शकते, हा धोका त्या कागदांनी विचारात घेतलाच नाही; ते बेकायदेशीर होते.

ते कागद छापून मी एका फाइलमध्ये ठेवले आहेत. त्यांतल्या काहींवर माझ्या हातच्या पिवळ्या रेघा आहेत, काल काय होतं आणि आज काय बदललं हे शोधण्यासाठी मारलेल्या. सरकारी पानावर बदलांची नोंद असते, नाही असं नाही. पण पुष्कळदा ती ‘अमुक भाग अद्ययावत केला’ इतकीच. चाळीस पानांच्या मजकुरात एक ‘करावं’ जाऊन दुसरं आलेलं असतं. ते हुडकायचं कुणी? रात्री नऊ वाजता मी आणि माझी डेप्युटी, दोघी टेबलावर दोन प्रती शेजारी ठेवून. म्हटलं तर हास्यास्पद, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

भेटींच्या नियमांत तर टीव्ही नेहमी आमच्या पुढे. ८ मार्च २०२१ पासून एक ठरलेला माणूस भेटायला येऊ शकेल, १२ एप्रिलपासून दोन, १७ मेपासून पाच. संध्याकाळी मंत्री पडद्यावर सांगणार, सात वाजता मुलींचे-सुनांचे फोन सुरू, आणि प्रत्यक्ष कागद हातात यायला अजून अवकाश. ‘‘सरकारने परवानगी दिली आहे, तुम्ही कोण अडवणार?’’ असं मला एका मुलाने विचारलं. त्याची आई आत खिडकीपाशी बसलेली होती, मला पाठमोरी. त्याला काय सांगणार होते मी, की अजून पीडीएफ आलेली नाही? भेटीचा हक्क नियमात पक्का झाला तो थेट ६ एप्रिल २०२४ ला.

इथे कुणी म्हणेल, साथ होती, ज्ञान रोज बदलत होतं, सूचना बदलणारच. मान्य. रोज बदलल्या याबद्दल माझं भांडण नाहीच. कुठे बदलल्या ते लपवलं, आणि आधीच्या चुकीची किंमत खालच्यांच्या खात्यावर टाकली, हे भांडण आहे. उलट, त्या काळातला निदान एक निधी मला बऱ्यापैकी आखलेला वाटतो. मे २०२० चा ६० कोटींचा इन्फेक्शन कंट्रोल फंड. त्यातला ७५ टक्के पैसा कौन्सिलने कापाकापी न करता खाटांच्या हिशेबाने थेट होमला द्यायचा होता. कशावर खर्चायचा हेही साफ होतं: आजारी किंवा विलगीकरणात असलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण पगार द्या, एका केअररला दोन-तीन होममध्ये फिरवू नका. आमच्या एका केअररने घरात खोकला सुरू झाल्याचं त्यामुळेच लपवलं नाही, कारण पगार कापला जाणार नव्हता. भर गोंधळात इतकं जमलं, तर दोन वर्षांनी शांतपणे बसून का जमू नये?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सार्वजनिक पैसा आहे, मुदत आणि अटी घातल्या नाहीत तर मालक खिशात घालतील. खरंय, घालणारे आहेत. सदर्न क्रॉस ही सुमारे ७५० होम चालवणारी कंपनी २०११ मध्ये कोसळली, तेव्हा ३१,००० वृद्धांच्या डोक्यावरचं छप्पर टांगणीला लागलं होतं. आधी इमारती विकून मग त्याच इमारतींचं वाढतं भाडं भरत बसण्याचा तो धंदा होता. तेव्हा अटी हव्यातच. पण ‘३१ मार्चपर्यंत संपवा’ ही अट कुणाला रोखते? नफेखोराला ती अडचणीची नाही, त्याच्याकडे तक्ता भरायला माणसं असतात. अडकतं ते लहान होम, जिथे मॅनेजर स्वतः जेवण भरवते आणि रात्री तक्ता भरते. पगाराची अट घाला, कायम नेमणुकांची घाला, हिशेब तपासा. कॅलेंडरकडून राखण करून घेऊ नका.

उलट्या दिशेचाही एक नमुना आहे, घाईने आणून घाईने काढून घेतलेल्या हुकमाचा. ११ नोव्हेंबर २०२१ पासून केअर होममध्ये काम करायचं तर लस सक्तीची झाली. १५ मार्च २०२२ ला ती सक्ती रद्द. चार महिने आणि चार दिवस. मी स्वतः लस घेतली होती आणि सगळ्यांनी घ्यावी म्हणून मिनतवाऱ्या केल्या होत्या. तरी दोघी गेल्या. त्यांतली एक सात वर्षं रात्रपाळी करत होती. हुकूम रद्द झाल्यावर मी तिला फोन केला, तर ती गोदामात पार्सलं लावत होती, पगार थोडा जास्तच आणि रात्री झोप. २०२१-२२ मध्ये इंग्लंडच्या देखभाल क्षेत्रात सुमारे १,६५,००० जागा रिकाम्या होत्या, त्या या एका हुकमाने नव्हेत. पण दहा माणसांनी चालणाऱ्या रात्रपाळ्यांतून दोन गेली, की ते भोक वर्षभर बुजत नाही. सरकारी पान मात्र एका दिवसात स्वच्छ झालं, वर ‘मागे घेतले’ अशी पट्टी.

आणि पैसा वेळेवर, पण जागच्या जागीच ठेवून? तेही बघून झालं. मार्केट सस्टेनेबिलिटी अँड इम्प्रूव्हमेंट फंड हे लांबलचक नाव असलेला निधी कौन्सिलांना दोन वर्षांसाठी मिळाला, आणि दुसऱ्या वर्षाचा अंदाज आधी असल्यामुळे आमच्या भागात निदान आम्हाला मिळायचे दर लवकर ठरले. चांगली गोष्ट. पण २०२४-२५ मध्ये १०५ कोटी होते, २०२५-२६ मध्येही १०५ कोटीच. त्याच एप्रिल २०२५ पासून किमान वेतन तासाला ११.४४ वरून १२.२१ पौंड झालं, जे व्हायलाच हवं होतं, आणि पगारावर मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता, १३.८ वरून १५ टक्के. तो आता ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांच्या पगारापासूनच लागू होतो. अर्धवेळ माणसं जास्त असलेल्या ठिकाणी हा शेवटचा बदल सगळ्यात जास्त लागतो, आणि केअर होम म्हणजे अर्धवेळ बायकांचं राज्य. सरकारी नोकऱ्यांपुरती या वाढीची भरपाई झाली. आम्ही कौन्सिलचीच माणसं सांभाळतो, पण कागदोपत्री खासगी, म्हणून आम्हाला नाही. एका खिडकीतून द्यायचं, दुसरीतून घ्यायचं, आणि दोन्ही खिडक्यांमागच्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं नाही.

माझ्या मागण्या फार थोर नाहीत. हिवाळ्याचे पैसे जुलैपर्यंत सांगा, आणि उशीर तुमच्याकडून झाला तर तेवढे महिने खर्चाची मुदत आपोआप पुढे जाऊ द्या. साथ किंवा पूर सोडून कुठलीही नवी सूचना किमान सहा आठवडे आधी निघावी. काय बदललं ते पहिल्या पानावर असावं, ते अमलात आणायला लागणाऱ्या पैशाचा आकडा त्याच कागदावर असावा, आणि खाली शंका विचारायला एका माणसाचं नाव आणि फोन असावा. या शेवटच्या मागणीला लोक हसतात. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आपलं नाव खाली येणार म्हटलं की माणूस ‘करावं’ हा शब्द जपून वापरतो.

देखभालीसाठी एका माणसाने आयुष्यभरात स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती भरायचं, त्या मर्यादेसारख्या मोठ्या सुधारणांबद्दल मी लिहिणारच नाही. २०११ मध्ये सरकारने नेमलेल्या डिलनॉट आयोगाने ३५,००० पौंडांची मर्यादा सुचवली, २०१४ मध्ये कायदा झाला, मग ८६,००० चा आकडा आला, तारखा पुढे पुढे गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये सगळं गुंडाळलं गेलं. आता देखभाल क्षेत्राच्या सुधारणेसाठी लुईस केसी यांचा आयोग बसलाय, त्याचा दुसरा टप्पा २०२८ पर्यंत. आमच्याकडे येताना माणसं साधारण पंच्याऐंशीच्या पुढची असतात.

त्या फेब्रुवारीतल्या तक्त्याच्या अगदी शेवटी ‘इतर शेरा’ असा रकाना होता. तिथे मी लिहिलं, ‘पुढच्या वर्षी किती, आणि कधी कळेल?’ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. शुक्रवारी चार वाजता कौन्सिलमधल्या त्या निधीचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. आवाजावरून तिशीच्या आतली. म्हणाली, तुमचा प्रश्न वाचला, पण आम्हालाही तुमच्या आदल्या दिवशीच कळतं. मग जरा थांबून म्हणाली, खरं तर पुढच्या वर्षीचं तुम्हाला दुसरं कुणीतरी कळवेल, कारण माझी नेमणूक याच निधीतून आहे आणि ती ३१ मार्चलाच संपते.